बुडालेली वर्षं आधी विचार

चि. मेघास,


तू फोनवर विचारलंस एवढंच, की बिननांगरटीची शेती बघायला अमेरिकेला जानेवारीत जाऊ की मे महिन्यात. पण जाता जाता, "मामा, इथं शिकण्यासारखं उरलंय काय?" असं म्हणालीस, ते रात्रभर डोक्यातून गेलं नाही. शेतकऱ्याच्या लेकीनं असं बोलावं? निदान आईसमोर तरी बोलू नकोस.

जानेवारीचा नाद सोड. नॉर्थ डकोटात तेव्हा जमीन बर्फाखाली असते. मेमध्ये जा. आपली तूर-हरभऱ्याची रास झालेली असते, मृग लांब असतो आणि तिकडं पेरणीची घाई असते. नांगर न घालता, गेल्या सालच्या काडातूनच बी कसं पेरतात, ते डोळ्यांनी बघशील.

पण एजंटानं आखलेला दौरा मला मुळीच पटलेला नाही. बारा दिवसांत नऊ शेतं! गाडीतून उतरा, फोटो काढा, पुन्हा गाडीत बसा. हिरवं रान कुणीही दाखवतो गं. बुडालेलं साल सांगायला मात्र माणसाला ओळख लागते, दोन वेळची जेवणं एकत्र व्हावी लागतात. एकच शेत धर आणि तिथंच मुक्काम कर.

तू ज्यांचं नाव सारखं घेतेस ते नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्कचे गेब ब्राउन बघ. 1991 मध्ये त्यांनी सासऱ्यांची शेती विकत घेतली, 1993 मध्ये नांगर सोडला. मग 1995 ला गारपीट, 1996 ला गारपीट, 1997 ला दुष्काळ आणि 1998 ला पुन्हा गारपीट. खता-औषधांना पैसा उरला नाही. झोडपलेलं पीक रानातच राहिलं, त्यावर मिश्र पिकं आली, गुरं चरली आणि माती सुधारत गेली. पूर्वी तासाला अर्धा इंच पाणी मुरायचं, ते पुढं आठ इंचांवर गेलं, असं ते सांगतात. हे आकडे तुला पाठ आहेत. पण त्या चार वर्षांत नवराबायको दोघांनी बाहेर नोकऱ्या करून घर चालवलं, हे तू मला एकदाही सांगितलं नाहीस. मेघा, शिकायचं आहे ते हेच! ज्याच्याकडं जाशील त्याला पहिल्या पाच वर्षांचा हिशेब विचार. कर्ज कुणी थांबवलं, घरात कोण काय बोललं, मोडायची वेळ आली तेव्हा काय मोडलं, सगळं विचार.

आणि तिकडची रीत जशीच्या तशी उचलू नकोस. तिथं थंडीत महिनोन् महिने जमीन गोठलेली असते, काडी सावकाश कुजते. आपल्या उन्हात सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्यावर टिकवताना दम निघतो. दिवाळीनंतर कोरडवाहूत फारशी ओल राहत नाही, मग आच्छादनाचं पीक वाढणार कशावर?

इथं काय उरलंय म्हणतेस ना? अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 इंदूरला होते. कंपोस्टची इंदूर पद्धत तिथं बसली. हॉवर्ड वाचूनच पेनसिल्व्हेनियाच्या जे. आय. रोडेल यांनी 1942 मध्ये सेंद्रिय शेतीचं मासिक काढलं. त्यांच्याच संस्थेत 1981 पासून चाललेली, सेंद्रिय आणि नेहमीच्या शेतीच्या तुलनेची शेतं तुला बघायची आहेत. आणि जवळचं? नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी कायमच्या गादीवाफ्यांवर, नांगरणी न करता भात घेतला. कोल्हापूरकडं प्रताप चिपळूणकरांनी उसात नांगरट बंद केली. आधी या दोन्हीकडं जाऊन ये, मग पासपोर्ट काढ.

निघण्यापूर्वी एक कर. काचेचे दोन पेले पाण्यानं भर. एकात नांगरलेल्या रानातलं वाळलेलं ढेकूळ अलगद सोड, दुसऱ्यात बांधावरच्या गवताखालचं. पहिलं बघता बघता विरघळून बुडाशी गाळ बसतो, पाणी चहासारखं होतं. दुसरं तसंच राहतं, नुसते बुडबुडे सोडतं. हेच तिकडच्या मातीचं तिथल्या तिथं करून बघ, इकडं आणू नकोस. माती, बी काही म्हणजे काही सामानात घालू नकोस. बूट घासून धुऊन ने, येतानाही धुऊन आण. विमानतळावर शेतावर गेला होतात का विचारलं, तर खरं सांग. विमा काढल्याशिवाय पाय बाहेर टाकू नकोस.

पैशाचं काय केलंस? आईच्या पाटल्यांचा विषय निघाला, असं कानावर आलंय. पाटल्यांना हात लावायचा नाही. कमी पडतील तेवढे माझ्याकडून ने, पण आधी फोन कर.

आणखी एक घोर लागलाय. खालच्या पट्ट्यात तू यंदा सोयाबीनची गुळी आणि तुराट्या आच्छादनाला पसरून ठेवल्यास. मेमध्ये गावची सगळी गुरं मोकळी असतात आणि धुरे पेटवायचेही तेच दिवस. तू बिस्मार्कात असताना तो पट्टा कोण राखणार? तुझे बाबा दुपारचे रानात थांबत नाहीत, आईचे गुडघे धरलेत. एका दुपारीत वर्षाची मेहनत जाईल. तिकीट काढण्याआधी याचं उत्तर मला कळव. कुणीच नसेल, तर मी येऊन राहीन.

तुझा,
मामा