गल्लीत दुसरं दुकान हवं



हल्ली चार संगणकवाले एकत्र जमले की पोह्यांच्या बश्या रिकाम्या व्हायच्या आत इंटेलचा विषय निघतो. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने सुमारे पंधरा हजार लोक कमी करायची घोषणा केली, डिसेंबरात पॅट गेल्सिंगर गेले, मार्च २०२५ मध्ये लिप-बू टॅन आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खुद्द अमेरिकन सरकारने जवळपास दहा टक्के हिस्सा घेतला. "इंटेल संपली" असं ठासून सांगणारे एक-दोघं तरी प्रत्येक बैठकीत असतातच. मला मात्र दर वेळी २०११ साल आठवतं. तेव्हा नेमकं हेच वाक्य लोक एएमडीबद्दल म्हणायचे, आणि तितक्याच खात्रीने.

ज्यांचा हार्डवेअरशी फारसा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. एएमडी १९६९ ची कंपनी, म्हणजे इंटेलपेक्षा वर्षभराने धाकटी. आयबीएमने आपल्या पीसीसाठी इंटेलची चिप घेतली खरी, पण एकाच पुरवठादारावर अवलंबून राहायला ते तयार नव्हते. म्हणून १९८२ मध्ये इंटेल आणि एएमडी यांच्यात करार झाला आणि एएमडी तीच चिप बनवायला लागली. म्हणजे गिऱ्हाइकाने हट्ट धरला म्हणून गल्लीत दुसरं दुकान उघडलं! पुढे त्या करारावरून दोघांत बरीच कोर्टकचेरी झाली, ती गोष्ट वेगळी.

हे दुसरं दुकान नुसतं नक्कल करत बसलं नाही. मार्च २००० मध्ये एक गिगाहर्ट्झचा टप्पा एएमडीच्या अ‍ॅथलॉनने आधी गाठला, इंटेल दोन दिवस मागे राहिली. २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणि अ‍ॅथलॉन ६४ आले. इंटेल तेव्हा ६४ बिटसाठी इटॅनियम नावाचा पूर्ण वेगळा संसार मांडून बसली होती. एएमडीने जुन्याच सूचनासंचाला ६४ बिटची जोड दिली, आणि २००४ मध्ये इंटेललाही तोच मार्ग धरावा लागला. आजही उबुंटू उतरवून घेताना फाइलच्या नावात "एएमडी६४" दिसतं, मग तुमच्या मशीनमध्ये प्रोसेसर इंटेलचा का असेना.

माझा एएमडीशी पहिला संबंध आला २००६ मध्ये. इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला म्हणून बाबा मला घेऊन डोंबिवलीहून ग्रँट रोडला उतरले आणि आम्ही लॅमिंग्टन रोड पालथा घातला. दुकानदार म्हणाला, "इंटेल घ्या साहेब, एएमडी गरम होतं." बाबांना प्रोसेसर म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण बाजार कसा करायचा हे पक्कं ठाऊक होतं. ते म्हणाले, "गरम होऊ दे, भाव सांगा." अडीच हजारांचा फरक निघाला. अ‍ॅथलॉन ६४ घरी आला आणि चार वर्षं विनातक्रार चालला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे समोर अ‍ॅथलॉनचा डबा दिसल्यावर त्या दुकानदाराने इंटेलचाही भाव आपणहून उतरवला होता. अर्थशास्त्राचा एवढा सोपा तास मला पुढे कॉलेजात मिळाला नाही.

आता २०११ कडे येतो. ऑगस्टमध्ये मी एमएस करायला अमेरिकेत आलो आणि ऑक्टोबरात एएमडीचा "बुलडोझर" आला. वर्गात, लॅबमध्ये, बसस्टॉपवर तोच विषय. एफएक्स-८१५० हा आठ कोअरचा प्रोसेसर अशी जाहिरात होती. आतली रचना मात्र चार मॉड्यूलची. प्रत्येक मॉड्यूलमध्ये पूर्णांकांचं काम करणारे दोन कोअर, पण सूचना आणून उलगडून देणारा भाग सामाईक आणि अपूर्णांकांचं गणित करणारा भागही सामाईक. स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचं तर स्वयंपाकी दोन, पण भाजी चिरून देणारा एकच आणि मिक्सरही एकच. पंगत मोठी असली आणि पदार्थ साधे असले तर हे जमून जातं. पण एकाच माणसाला घाईने जेवू घालायचं असेल तर दुसरा स्वयंपाकी असून उपयोग नाही. त्या काळची बहुतेक सॉफ्टवेअर, विशेषतः गेम्स, असं एकट्यानेच जेवणारी होती. काही चाचण्यांत हा नवा प्रोसेसर एएमडीच्याच जुन्या फेनॉम २ च्या मागे पडला. समोर इंटेलचा सँडी ब्रिज होता, जो कमी विजेत जास्त काम करत होता. (आठ कोअर म्हणून विकलं म्हणून पुढे २०१५ मध्ये एएमडीवर दावाही झाला, तो २०१९ मध्ये १ कोटी २१ लाख डॉलरवर मिटला.)

नोव्हेंबर २०११ मध्ये एएमडीने दहा टक्के, म्हणजे चौदाशेच्या आसपास लोक कमी केले. त्याच महिन्यात कंपनीच्या प्रवक्त्याने सांगितलं की "एएमडी विरुद्ध इंटेल" ही जुनी मानसिकता आता सोडायला हवी. झालं! एएमडी वेगवान डेस्कटॉप प्रोसेसरच्या धंद्यातून बाहेर पडणार, असा अर्थ सगळ्यांनी काढला. कंपनीने खुलासा केला की आम्ही एक्स८६ सोडत नाही, पण यापुढे भर कमी वीज खाणाऱ्या चिप्स, क्लाउड आणि उभरत्या बाजारपेठांवर राहील. आता अशा खुलाशांचा अर्थ आपण नोकरदार मंडळी बरोबर ओळखतो. "तुमची जागा सुरक्षित आहे" असं साहेबाने आपणहून सांगितलं की बायोडेटा काढून ठेवावा :-)

आमच्या वर्गात ही बातमी नुसती गंमत म्हणून वाचली गेली नाही. माझा रूममेट व्हीएलएसआयवाला, नागपूरचा. डोक्यावर शैक्षणिक कर्ज, आणि शिकत होता प्रोसेसरची रचना. त्याचं गणित सरळ होतं. डेस्कटॉपसाठी वेगवान प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्या जगात दोन. त्यातली एक गेली तर आपल्याला नोकरी देणारं दार एकच उरणार, आणि एकच दार असलं की पगार, गाव, व्हिसा सगळं दारवाला ठरवणार. तो एका रात्री म्हणाला, "मी पण तुझ्यासारखं जावा शिकू का रे?" मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. काय सांगणार? माझ्यासाठी एएमडी म्हणजे स्वस्त मशीन होतं, त्याच्यासाठी तो पोटापाण्याचा प्रश्न होता.

मग एएमडी बाहेर पडली का? जाहीर कधीच पडली नाही, पण प्रत्यक्षात पडल्यासारखीच होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये थोडा सुधारलेला एफएक्स-८३५० आला. २०१३ मध्ये त्याच चिपला पाच गिगाहर्ट्झपर्यंत पळवून एफएक्स-९५९० काढला, जो २२० वॅटचा होता, म्हणजे लॅमिंग्टन रोडवाल्याचं म्हणणं शेवटी खरं झालं. त्यानंतर त्या वर्गात मार्च २०१७ पर्यंत नवी रचना काही नाही.

त्या काळात इंटेलने काय केलं हे पाहण्यासारखं आहे. जानेवारी २०११ चा कोअर आय७-२६००के चार कोअरचा. जानेवारी २०१७ चा आय७-७७००के, तोही चार कोअरचा. किंमत दोन्ही वेळा सव्वातीनशे डॉलरच्या आसपास. सहा वर्षं! इंटेलच्या इंजिनीअरांना सहावा कोअर बसवता येत नव्हता असं नाही, महागड्या मालिकेत ते बसवतच होते. सामान्य गिऱ्हाइकाला द्यायची गरज नव्हती इतकंच.

एएमडीने दरम्यान घरातली भांडी विकून दिवस काढले असं म्हटलं तरी चालेल. कारखाने २००९ मध्येच वेगळे काढून ग्लोबलफाउंड्रीज झाली होती, त्यात अबुधाबीचा पैसा आला. २०१३ मध्ये ऑस्टिनचा कॅम्पस सुमारे १६ कोटी ४० लाख डॉलरना विकून त्याच जागेत भाड्याने राहायला लागले. त्याच वर्षी प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोन्हींत एएमडीची चिप बसली, त्याने श्वास चालू राहिला. तरीही २०११ मधली साडेसहा अब्ज डॉलरची विक्री २०१५ मध्ये चार अब्जांच्या खाली आली आणि शेअर दोन डॉलरच्याही खाली गेला.

पण या ओढाताणीत एक निर्णय त्यांनी सोडला नाही. २०१२ मध्ये जिम केलर परत आले आणि माइक क्लार्क वगैरे मंडळींनी नवीन कोअर कोऱ्या पाटीवर मांडायला घेतला, तोच "झेन". ऑक्टोबर २०१४ मध्ये लिसा सू प्रमुख झाल्या आणि त्यांनी पैसा तिथेच लावला. आधीच्या कोअरपेक्षा प्रत्येक ठोक्याला ४० टक्के जास्त काम हे लक्ष्य होतं, झालं ५२ टक्के. २ मार्च २०१७ ला रायझन आला, आठ खरे कोअर, ४९९ डॉलर. इंटेलचा आठ कोअरवाला तेव्हा हजार डॉलरच्या वर होता. आणि चमत्कार बघा, त्याच ऑक्टोबरात इंटेलने सामान्य मालिकेत सहा कोअर दिले! सहा वर्षं जे सुचलं नाही ते सात महिन्यांत बाजारात. इंटेलची तयारी आधीपासून असणारच, चिप काही सात महिन्यांत होत नाही. पण माल फळीवर आला तो समोरचं दुकान उघडल्यावर.

यावरून एएमडी म्हणजे गरिबांचा कैवारी असा समज करून घेऊ नये. नोव्हेंबर २०२० मध्ये पारडं त्यांच्याकडे झुकलं तेव्हा रायझन ५००० मालिकेच्या किमती त्यांनीही आधीच्या मॉडेलांपेक्षा पन्नास-पन्नास डॉलरनी चढवल्याच. दुकानदार तो दुकानदार. म्हणून मी कुठल्याच कंपनीचा झेंडा खांद्यावर घेत नाही. माझा पक्ष दुसऱ्या दुकानाचा.

आमच्या नागपूरकराने जावा शिकली नाही. चिपमध्येच राहिला, एका मोठ्या कंपनीत बारा वर्षं काढली आणि २०२४ मध्ये एका सकाळी पंधरा मिनिटांच्या मीटिंगमध्ये त्याची नोकरी गेली. एच-१बी, ग्रीन कार्डची न संपणारी रांग, घराचे हप्ते, मुलगी तिसरीत, आणि हातात साठ दिवस. ज्यांनी हे साठ दिवस मोजले आहेत त्यांना जास्त सांगायला नको. बेचाळिसाव्या दिवशी त्याला प्रतिस्पर्धी कंपनीत काम मिळालं, त्याच प्रकारचं, प्रोसेसरच्याच रचनेचं. तो हुशार आहेच. पण २०११ मध्ये लोक म्हणत होते तसं खरंच झालं असतं, दुसरं दुकान बंद पडलं असतं, तर ती हुशारी घेऊन तो कुठे गेला असता?

म्हणून आज कुणी इंटेलच्या पडझडीवर खूष होऊन टाळी मागितली की मी देत नाही. माझ्या दोन्ही मशीनमध्ये रायझन आहे, तरीही नाही. एआरएमवाले आले आहेत, अ‍ॅपलने २०२० मध्ये एम१ काढून नवा रस्ता दाखवला, हे सगळं चांगलंच आहे. पण पन्नास वर्षांची चिप बनवायची विद्या एकदा विस्कटली की पुन्हा जमवायला पाच-सात वर्षं आणि झेनसारखं नशीब लागतं. इंटेलने सावरावं, एएमडीला घाम फोडावा आणि आमच्या नागपूरकराला दोन्हीकडून बोलावणी यावीत, एवढीच इच्छा.

तुमच्यापैकी चिप क्षेत्रातली मंडळी यावर काय म्हणतात ते ऐकायला आवडेल. तूर्तास इतकंच.