वेषांतराची साक्ष

बाबूराव अर्नाळकरांचा काळापहाड वेष पालटतो, आणि कोणीहि त्याला ओळखीत नाहीं. वाचतांना मौज वाटते. पटत मात्र नाहीं. दाढी चिकटविली तरी बोलण्याचालण्याची लकब कोठें जाईल?

आमच्या नांदेडास १७०८ सालीं ज्यांचा देह विसावला, त्या गुरु गोविंदसिंगांची कथा मला अधिक खरी वाटते. चमकौरच्या लढाईनंतर माछीवाड्याहून ते निळ्या वस्त्रांत, ‘उच्चचे पीर’ म्हणून निघाले, असें शीख परंपरा सांगते. दाढी मूळचीच! पण गनीखान व नबीखान या पठाण बंधूंनीं त्यांचा मंचक खांद्यावर घेतला होता. ‘हे आमचे पीर’ असें पठाणच सांगत असतां मोगल शिपाई शंका तरी कशी घेणार? वेष टिकला तो या ग्वाहीमुळें. ती खोटी ठरती, तर दोघांचींहि शिरें गेलीं असतीं.