न्हाणीचं पाणी कुठे जातं?

बदलापूर, मेअखेर

ताई,

गटातून मिळालेलं बियांचं पाकीट कुठे पेरू, असं विचारलंस. त्याआधी न्हाणीचं पाणी कुठे जातं ते बघ. परसबागेचे फोटो सप्टेंबरात, पोषण महिन्यात, सगळीकडे हिरवेगार निघतात. मार्चनंतर टँकरची वाट बघणाऱ्या घरात मेथी-पालकावर घागर कोण ओतणार? ते पाकीट संक्रांतीपर्यंतचं धर आणि पक्की जागा उन्हाळ्यात तगणाऱ्यांना दे: शेवगा, कढीपत्ता, हादगा, न्हाणीजवळ एखादी पपई. शेवग्याची मनगटाएवढी फांदी मृगाच्या पावसावर रोवलीस तरी फुटते, आणि एकदा मूळ धरलं की फारसं पाणी मागत नाही.

राखेनं घासलेल्या भांड्यांचं पाणी सरळ आळ्यात सोड. साबणाचं मात्र आधी खडी-वाळूच्या खड्ड्यातून जाऊ दे, मगच झाडांच्या मुळाशी. पालेभाजीवर ते नको.

इथली तऱ्हा उलटी. पाणी मुबलक, २०१९च्या जुलैत उल्हास नदी इतकी फुगली की महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली. पण भाजीला कोणतं पाणी घालावं हा प्रश्नच आहे. अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर वालधुनीच्या काठी आहे. तीच वालधुनी उल्हासनगरात पोचेपर्यंत नाला होते. २०१४मध्ये तिच्यात रसायन ओतल्यानं वायू पसरला आणि शेकडो माणसांना दवाखान्यात न्यावं लागलं. लोकलच्या रुळांकडेचा लाल माठ फार तजेलदार दिसतो, पण मला तो घ्यावासा वाटत नाही. त्यापेक्षा जूनमध्ये वाड्यांवरच्या बायका शेवळं घेऊन बसतात, त्यांच्याकडे जाते. शेवळांची खाज मारायला सोबत काकडं देतात, आणि कशी शिजवायची तेही सांगतात. पुढे टाकळा, कुर्डू, कंटोली. तुमच्याकडेही चिघळ, तांदुळजा, पाथरी बांधावर आपोआप उगवते. तणनाशक मारलं की तीच आधी जाते. भाजी म्हणून कुणी मोजत नाही ना तिला.

आता खरं दुखणं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी निघालं. तुझ्या शिवारात सोयाबीनच सोयाबीन, आणि घरात आठवडी बाजार होऊन चार दिवस झाले की बटाटा आणि पातळ वरण. त्यातही भाजी आधी पुरुषांच्या ताटात, मग पोरांच्या. हे परसबागेनं बदलतं असं मी म्हणणार नाही. एवढंच, की दाराशी शेवगा असला तर उरलेल्या भाकरीबरोबर खायला मूठभर पाला तरी असतो, त्यासाठी कुणाकडे पैसे मागावे लागत नाहीत. पाला तेलावर परत, वर लिंबू पिळ. लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतेस तो तासभर पुढे ढकल.

किल्लारीच्या भूकंपानंतर तुमच्याच भागात काम उभं केलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’नं पुढे बायकांना घरच्या शेतातला एकेक एकर मागायला शिकवलं, नगदी पिकाऐवजी डाळी-भाज्या-धान्य घ्यायला. २०१६मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. दाजी एकर देतील का, ते तू जाणतेस. परसाला मात्र सातबारा लागत नाही.

बी राखायला विसरू नकोस. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना पद्मश्री मिळाली ती गावठी बियाण्यांसाठी. पाकिटातलं बी संकरित असेल तर पुढच्या वर्षी तसंच पीक येईल याचा भरवसा नाही. म्हणून शेजारच्या आजींकडून वाल, दोडका, अंबाडीचं बी माग, राखेत घोळून गाडग्यात ठेव.

आणि शेळी. बाभळीच्या फांद्यांचं कुंपण बियांआधी, नंतर नाही. दाजी यंदा पुन्हा बोअरचं म्हणत होते. त्यांना सांग, आधी न्हाणीमागे तो खड्डा खणून द्या.

तुझी,
धाकटी