पाठीवरचे वळ

त्र्यंबकला आमच्या घरापासून निवृत्तिनाथांची समाधी फार लांब नाही. पौष वद्य एकादशीला यात्रा भरते, दिंड्या येतात आणि रात्रभर टाळांचा आवाज कानांवर येत राहतो. लहानपणी अशाच एका रात्री आजीने पैठणच्या रेड्याची गोष्ट सांगितली. रेडा वेद बोलला हे मला ठाऊक होते. पण आजीला आवडे तो निराळाच प्रसंग. आसूड बसले रेड्याच्या पाठीवर आणि वळ उठले ज्ञानदेवांच्या पाठीवर! "दुसऱ्याचं दुखणं असं आपल्या अंगावर उमटलं पाहिजे बघ," ती म्हणे.

नाशिकला कॉलेजात आल्यावर ही गोष्ट मला पुन्हा भेटली, तीही एका ख्रिस्ती घरात. नाशिकरोडच्या माझ्या मैत्रिणीकडे संत फ्रान्सिसची तसबीर आहे. त्यांच्या तळहातांवर जखमा दिसल्या, म्हणून मी विचारले. येशूला क्रुसावर हातापायांना आणि कुशीला ज्या जखमा झाल्या, त्या काही भक्तांच्या अंगावर उमटतात, अशी श्रद्धा आहे, असे तिच्या आईने सांगितले. त्यांना 'स्टिग्माटा' म्हणतात. असिसीच्या फ्रान्सिसना त्या १२२४ साली ला व्हेर्नाच्या डोंगरावर झाल्या. इटलीतल्याच पाद्रे पिओंनी त्या १९१८ पासून सुमारे पन्नास वर्षे वागवल्या. आपल्या देशात केरळच्या मरियम थ्रेसिया (१८७६–१९२६) यांच्याही अंगावर त्या होत्या असे सांगतात. त्या मात्र जखमा लोकांपासून लपवीत. २०१९ साली त्यांना संतपद मिळाले.

हे खरे असेल का? पाद्रे पिओंविषयी खुद्द चर्चनेच शंका घेतली होती. १९३१ ते १९३३ या काळात त्यांना लोकांसमोर मिस्सा करण्याची मनाई होती. डॉक्टरांनी त्यांचे हात तपासले, पण त्यांचे एकमत झाले नाही. मग मी कोण ठरवणार?

मला त्या तिघांत दुसरेच एक साम्य दिसले. फ्रान्सिसनी महारोग्यांची सेवा केली. पिओंच्या प्रयत्नांतून १९५६ साली मोठे रुग्णालय उभे राहिले. थ्रेसिया देवीच्या रोग्यांच्या उशाशी बसत. स्वतःच्या जखमांकडे लोकांनी पाहावे म्हणून नव्हे, तर दुसऱ्यांच्या जखमांपासून त्यांना दूर राहवले नाही म्हणून ही माणसे मला मोठी वाटली.

आणि इथेच मला माझी लाज वाटते. शेवटचे काही महिने आजी अंथरुणाला खिळली होती. पडून पडून तिच्या पाठीला जखमा झाल्या. आई रोज कोमट पाण्याने त्या धुई. खोलीत वास येई. एकदा आईने हाक मारली, "जरा कुशीवर धर गं तिला." मी परीक्षेचे निमित्त सांगितले आणि पुस्तक घेऊन ओसरीवर जाऊन बसले. वळांची गोष्ट जिने मला सांगितली, तिच्याच पाठीकडे मी पाहू शकले नाही.

आईला ना ला व्हेर्ना ठाऊक, ना स्टिग्माटा. तिच्या अंगावर कसलेही वळ उठले नाहीत. पण आजी कण्हली की आईचा हात थांबे, ओठ घट्ट मिटत आणि तिच्या कपाळावर आठी उमटे. मी ते दाराआडून पाहत असे.