माघारी फिरलेला घोडा

अमेरिकी कंट्री गायक मार्टी रॉबिन्सचं 'एल पासो' हे गाणं लावलं की शेवट तोंडपाठ असूनही वाटतं, आज तरी त्यातला गडी माघारी फिरणार नाही. तो फिरतोच.

टेक्सासच्या सरहद्दीवरचं एल पासो. रोझाच्या गुत्त्यात नाचणाऱ्या फेलिनावर एका काउबॉयचा जीव जडतो. तिच्याशी लगट करणाऱ्या एका परक्या तरुणाला तो मत्सरापोटी गोळी घालतो आणि चोरलेल्या घोड्यावरून न्यू मेक्सिकोच्या उजाड मुलखात पळतो. तिथे तो वाचलेला असतो. पण राहवत नाही. परततो आणि मरतो.

१९५९ सालचं हे गाणं साडेचार मिनिटांहून लांब. एवढं लांबण रेडिओवाले लावतील का, या धास्तीने कोलंबिया कंपनीने त्यांना धाडलेल्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला काटछाट केलेली आवृत्तीही दिली. कात्री लागली ती खुनानंतरच्या पश्चात्तापाच्या कडव्याला. लोकांनी अख्खं गाणंच उचलून धरलं, आणि १९६० च्या सुरुवातीला ते कंट्री आणि पॉप, दोन्ही याद्यांत पहिलं आलं. लोकांचं बरोबरच होतं. पश्चात्ताप गाळला तर उरतो निव्वळ एक माथेफिरू. त्याच्या परतण्याचं कोणाला काय?

गाण्याला ध्रुवपद नाही, त्यामुळे दम खायला जागा नाही. ग्रेडी मार्टिनची स्पॅनिश वळणाची गिटार तेवढी ओळीओळीला हुंकार देते. खरी करामत मात्र काळाची. पळून जाईपर्यंत सगळं घडून गेलेलं. एल पासोवरच्या टेकडीवर घोडा आला, खाली गुत्ता दिसला, की तिथून पुढे सगळं आत्ता, डोळ्यांदेखत. पोवाड्यातला शाहीर कथेबाहेर उभा असतो, पडलेल्यांचं सांगायला तो मागे उरतो. इथे सांगणाराच बरगडीत गोळी घेऊन खोगिरावरून ढळतो. मग गातंय कोण? ऐकताना हा प्रश्न सुचतच नाही, आणि सुचला तरी उशिरा.

१९६६ मध्ये रॉबिन्सने फेलिनाचीही कथा गायली, जन्मापासून, आठ मिनिटांहून लांब. मूळ गाण्यात ती शेवटी अवचित येते आणि त्याला कुशीत घेते. खरंच आली, की मरणाऱ्याला भासली? पुढचं गाणं याचा निकाल लावून टाकतं. म्हणून ते मी सहसा लावत नाही.