पायरीवरचा वैताग

उज्जैनमध्ये राहणाऱ्या मराठी मुलामुलींना वर्षभर एकच मेसेज येतो. पहिली ओळ "कशी आहेस गं?" आणि दुसरी ओळ "भस्मारतीचं बुकिंग करून देशील का?" पाठवणारी व्यक्ती सख्खी चुलत बहीण असू शकते, नाहीतर आईच्या मैत्रिणीच्या जावेची मुलगी. त्यांची ठाम समजूत असते की महाकाल मंदिराची एक जादा किल्ली आमच्या घरी खुंटीला टांगलेली आहे. बुकिंग जसं तुम्ही मोबाइलवरून करता तसंच आम्हीही करतो, आणि जागा तुम्हाला मिळत नाही तशीच आम्हालाही मिळत नाही, हे मी आता प्रत्येकाला समजावून सांगणं सोडून दिलंय.

बुकिंग मिळालं तरी काम संपत नाही. आरती पहाटे चारची, म्हणजे पाहुणे रात्री दीडला उठणार आणि घरातला एकुलता एक गीझर पावणेतीनपर्यंत चालणार. आत जायला बायकांना साडी आणि पुरुषांना धोतर लागतं. पुण्याहून आलेल्या मुलींच्या बॅगेत साडी नसते, म्हणून माझ्या कपाटात तीन साड्या फक्त पाहुण्यांसाठी राखीव आहेत. भस्म चढत असताना बायकांनी पदर तोंडावर ओढून घ्यायचा असतो. तेव्हा परत आल्यावर या मुली हमखास विचारतात, "मग आम्ही एवढ्या पहाटे उठून बघितलं काय?" ह्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही. प्रश्न मात्र मला आवडतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक सुरू झालं आणि तेव्हापासून गावातली गर्दी वेगळीच झाली. आधी गर्दीचे दिवस ठरलेले असायचे. महाशिवरात्र, श्रावण, नागपंचमी, की मग आपला रस्ता आपल्याला परत. आता साध्या बुधवारीसुद्धा ई-रिक्षांची रांग लागलेली असते. आमचं घर कार्तिक चौकाच्या बाजूला, जुन्या गल्लीत. दोन खोल्या आणि एक माळा. पाहुणे आले की माझ्या अभ्यासाचं टेबल त्यांच्या बॅगा ठेवायची जागा होतं. मी एका स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. पूर्व परीक्षा झाली, मुख्य परीक्षेची तारीख दोनदा पुढे गेली. फ्रीगंजमध्ये महिन्याचे पैसे भरून बसायची लायब्ररी आहे, पण मधला रस्ता बंद असला की तिथे पोचायलाच तास जातो. म्हणून मी नोट्स घेते आणि रामघाटावर जाते.

तुम्ही उज्जैनला आला असाल तर रामघाट बघितलेला असणारच. महाकालाकडून हरसिद्धीवरून उतरलं की पायी पंधरा मिनिटं. हरसिद्धीच्या अंगणात दोन उंच दीपमाळा आहेत. जेजुरी पाहिलेल्या माणसाला त्या बघून क्षणभर आपण माळव्यात आहोत याचा विसर पडतो. तिथून पुढे उतार, फुलांची दुकानं, पाणी भरून न्यायच्या प्लास्टिकच्या कॅनचे ढीग, आणि मग लांबच लांब पायऱ्या. पायऱ्यांवरच लहान लहान देवळं उभी आहेत. समोरच्या काठाला दत्त आखाडा. संध्याकाळी क्षिप्रेची आरती होते, तेव्हा गर्दी सगळी एका बाजूला सरकते आणि दुसऱ्या टोकाला बसायला जागा मिळते. माझी जागा तिथे आहे. नक्की कुठे ते लिहिणार नाही, तुम्ही येऊन बसाल.

आता वाटेल की नदीकाठ, घंटानाद, काय शांत वाटत असेल. मुळीच नाही. घाटावर एकट्या मुलीला सलग दहा मिनिटं कोणी बसू देत नाही. पहिला येतो कपाळावर शिक्का मारणारा लहान मुलगा. त्याला नाही म्हटलं तरी बोट गंधात बुडवलेलंच असतं. मग नाववाला. मग फोटो काढून द्या म्हणणारं जोडपं, आणि त्यांना आडवा, उभा, पाण्यात पाय सोडलेला असे तीनही फोटो हवे असतात. मग एखाद्या आजी, कुठल्या तरी लांबच्या गावच्या, शेजारी बसून विचारतात, "अकेली आई हो बिटिया? घरवाले कहाँ हैं?" त्यांना मी सांगते की घर इथेच मागे आहे. त्यांचा विश्वास बसत नाही. इथे कोणी राहत असेल हे यात्रेकरूंच्या डोक्यातच येत नाही. त्यांच्या लेखी हे गाव म्हणजे रांग, दर्शन आणि परतीची गाडी. माझ्या भावाला तर घाटावर कोणीच काही विचारत नाही. तो तासभर पालथा पडून मोबाइल बघत असतो.

ह्या सगळ्यात श्रावणातल्या सोमवारांचा नंबर पहिला. महाकालाची सवारी दुपारी चारला निघते, गुदरी चौराहा, बक्षी बाजार, कहारवाडी करत रामघाटावर येते, इथे क्षिप्रेच्या पाण्याने पूजा होते आणि पालखी कार्तिक चौक, ढाबा रोड, गोपाल मंदिर असा फेरा घालून परत जाते. रस्ते दुपारपासून बंद. अलीकडे तर सवारीच्या सोमवारी शाळांना सुट्टी आणि त्याबदल्यात रविवारी शाळा, असंही झालंय. रविवारी सकाळी सातला दप्तर भरणारा माझा धाकटा भाऊ त्या दिवशी देवाधर्माबद्दल जे बोलतो ते या मासिकात छापता येणार नाही.

आणि आमचा श्रावण दीड महिन्याचा असतो, हे तुम्हाला माहीत आहे का? शेजारच्यांचा महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपला अमावस्येनंतर. म्हणजे त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस येतो आणि आपला त्यांच्यानंतर पंधरा दिवस उरतो. त्यांच्या हिशेबाने तोवर भादवा लागलेला असतो. पण महाकालाची सवारी भादव्याच्या त्या पंधरवड्यातही निघते, कारण मराठी पंचांगाचा श्रावण अजून चालू असतो. शिंद्यांचं राज्य गेलं, संस्थान विलीन झालं, पंचांग मात्र राहिलं. मला ह्याचा अभिमान वाटतो. पण आई दोन्ही श्रावण पाळते. पंचेचाळीस दिवस कांदा-लसूण नाही, म्हणजे अभिमानालाही मर्यादा येतात.

पाण्याचीही एक गंमत आहे, गंमत म्हणायची तर. क्षिप्रेला उन्हाळ्यात स्वतःचं पाणी फारसं उरत नाही. २०१४ मध्ये इंदूरजवळच्या उज्जैनी गावी नर्मदेचं पाणी तिच्यात सोडलं गेलं. ते सुमारे साडेतीनशे मीटर वर पंपाने चढवून आणावं लागतं. शिवाय इंदूरचं सांडपाणी घेऊन येणारी कान्ह नदी उज्जैनच्या वरच्या अंगाला, त्रिवेणीपाशी हिला मिळते. २०१६ च्या सिंहस्थाआधी कान्हचं पाणी मोठ्या पाइपातून घाटांना वळसा घालून पुढे नेण्याची सोय केली. तरीही पाण्याचा रंग रोज वेगळा. पावसाळ्यात मात्र ती खरी नदी होते. पायऱ्यांवरची देवळं बुडतात, कधी फक्त कळस दिसतो, पोलीस दोर लावतात आणि घाटावर जायला मनाई होते. मला तो काळ फार आवडतो. कोणी शिक्का मारायला येत नाही.

२०२३ च्या महाशिवरात्रीला क्षिप्रेच्या घाटांवर अठरा लाखांहून जास्त दिवे लावून विक्रम केला. फोटो तुम्ही बघितले असतील, सुंदरच होते. दुसऱ्या दिवशी पायऱ्या तेलकट होत्या आणि मी नोट्ससकट दोन पायऱ्या घसरले, हे फोटोत नाही. आता २०२८ च्या सिंहस्थाची तयारी सुरू आहे. गावात जिथे बघावं तिथे खोदलेलं, रुंदीकरणाच्या खुणा, धूळ.

पण खरा वैताग वेगळाच. तो दर मे महिन्यात पुण्याहून येतो.

माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, मनाने चांगला आहे. पण मी "बाल्टी दे" म्हटलं की तो हसतो. "मी झोपून गेले होते" म्हटलं की हसतो. एकदा मित्रांना फोन देऊन म्हणाला, "हिच्याशी बोला, हिचं मराठी इतकं क्यूट आहे!" क्यूट! मांजरीचं पिल्लू क्यूट असतं. इथल्या हिंदी मित्रमैत्रिणींना मी "मराठन" आणि पुण्याच्या नातेवाइकांना मी "हिंदीवाली". त्याने एकदा विचारलं, "पण तुम्ही लोक इकडे आलात कधी?" म्हटलं, दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरला राजधानी नेली, त्याआधी ती इथे होती. आत्ताचं महाकालाचं देऊळ राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकरांनी बांधवलं. गोपाल मंदिर बायजाबाईंचं. आम्ही आलो नाही, आम्ही फक्त परत गेलो नाही.

तो गप्प बसला, पण उत्तराने माझं समाधान झालं नाही. इतिहासाने बादली आणि बाल्टीचा प्रश्न सुटत नाही. तेव्हापासून मला मुक्तिबोध भावांबद्दल फार कुतूहल वाटतं. वडील पोलीस खात्यात, मराठी घर, माळव्यात वाढलेली मुलं. थोरले गजानन माधव हिंदीतले मोठे कवी झाले आणि धाकटे शरच्चंद्र मराठीतले. एकाच घरातून दोन भाषा निघाल्या आणि कोणी कोणाला क्यूट म्हटल्याचं ऐकिवात नाही. शरच्चंद्रांच्या कादंबरीचं नावच "क्षिप्रा" आहे, १९५४ ची. आणि गजानन १९३० मध्ये उज्जैनला मिडलच्या परीक्षेत नापास झाले होते. ही शेवटची गोष्ट मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.

गेल्या मे महिन्यात दादा आला तो मोठ्या काकूला घेऊन. मोठे काका नोकरीसाठी नाशिकला गेले ते तिथलेच झाले. ते जाऊन वर्ष झालं होतं. अस्थी रामकुंडात सोडल्या होत्या, पण काकूच्या मनात होतं की वर्षश्राद्ध रामघाटावर करावं आणि पंडाजींच्या वहीत त्यांचं नाव लिहून यावं. त्याच सकाळी माझी सराव परीक्षा होती. बाबांना पायऱ्या उतरवत नाहीत, म्हणून मला जावं लागलं. मी सगळ्या रस्ताभर तोंड पाडून चालले. काकू फक्त एवढंच म्हणाली, "आमच्याकडे पुढच्या वर्षी सिंहस्थ आहे. तेव्हा माझ्याकडे किती जण उतरणार आहेत सांगू?" नातेवाइकांत ती एकटीच आहे जिने मला कधी बुकिंग मागितलं नाही. पंचवटीत राहणाऱ्या माणसाला कळतं.

विधी झाल्यावर पंडाजींनी लाल कापडातली लांबट वही उघडली. आडनाव, गाव, कूळ विचारत पानं उलटली आणि आमचं पान सापडलं. वर मोडीत चार ओळी. दादाने वाकून बघितलं, मी बघितलं, काकूने चष्मा लावून बघितलं. तिघांनाही एक अक्षर लागेना. पुण्याचं शुद्ध मराठी आणि उज्जैनचं क्यूट मराठी दोन्ही सारखंच निरक्षर. पंडाजींनीच सांगितलं, "ये आपके परदादाजी के हाथ का है." त्यांच्या वडिलांनी खाली देवनागरीत हिंदीतून नोंद करून ठेवली होती, त्यावरून ते वाचत होते. पणजोबा, त्यांचे तीन मुलगे, मग आजोबा, मग मोठे काका आणि बाबा, मग दादाचं नाव, माझ्या धाकट्या भावाचं नाव.

काकांच्या नावापुढे तिथी लिहून झाली. पंडाजी वही मिटणार एवढ्यात काकू म्हणाली, "आणि हिचं?"

मला वाटलं आता काहीतरी वाद होणार. लेकीचं नाव वहीत लिहीत नाहीत, वगैरे. मी तर दोन वाक्यं मनात तयारही केली होती. पंडाजींनी शांतपणे पेन माझ्याकडे सरकवलं. "लिख दो बाई, अपने हाथ से." मी भावाच्या नावाखाली माझं नाव लिहिलं. पुढे "हाल मुक्काम" असा रकाना होता. दादाच्या नावापुढे पुणे होतं. पुण्यातल्या एका कंपनीचं बोलावणं तेव्हा माझ्या मेलमध्ये आठवडाभर पडून होतं आणि मी कोणालाच सांगितलं नव्हतं. थोडा वेळ पेन तसंच धरून बसले. मग उज्जैन लिहिलं. ते त्या दिवशी तरी खरं होतं.

दादा दक्षिणेवरून पंडाजींशी घासाघीस करायला लागला, त्याच्या हिंदीत. "हम दो सौ देंगे, बस का?" मी हसले नाही. म्हणजे, फार हसले नाही.

काकू खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसली होती. मी शेजारी जाऊन बसले तर तिने विचारलं, "हे पाणी क्षिप्रेचं की नर्मदेचं गं?"

"मे महिना आहे. बरंचसं नर्मदेचं असणार."

"चालेल," ती म्हणाली. "त्यांना दोन्ही आवडायच्या."