कुलगुरूंची नोंद

डॉ. नागनाथ कोत्तापल्ले यांचे ३० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात निधन झाले. त्यानंतरच्या काही दिवसांत जालन्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकविणारे एक अध्यापक विकिपीडियासाठी त्यांच्या चरित्रनोंदीचा मसुदा करावयास बसले. पहिले वाक्य सहज उतरले. त्यात मराठवाड्याची माती होती, झुंजार वृत्ती होती, आणि शेवटी ‘व्यासंगी कुलगुरू’ हे बिरुदही होते. अध्यापकांनी ते वाक्य दोनदा वाचले आणि खोडून टाकले. त्यात खोटे काही नव्हते, परंतु ते वाक्य नोंदीचे नव्हते. ते शोकसभेचे होते.

शोकसभा, गौरवग्रंथ आणि कोशातील नोंद या तीन भिन्न संहिता आहेत, हे कोणीही मान्य करील. तथापि मराठीतील चरित्रलेखनाच्या सवयी पहिल्या दोहोंनीच घडविलेल्या आहेत. निवृत्तीच्या निमित्ताने समिती नेमली जाते, शिष्यांकडून लेख मागविले जातात, ‘मला उमगलेले सर’ अशा शीर्षकांची रांग लागते. आणि पुढे संदर्भ शोधू जाता हाती लागतो तो नेमका हाच ग्रंथ. पडताळण्याजोगा आधार द्यावा, असा विकिपीडियाचा दंडक आहे. गौरवग्रंथ छापलेला असतो, म्हणून तो आधार होतो. छपाई झाली म्हणजे पडताळणी झाली असे मात्र नव्हे. अशा ग्रंथातून जन्मतारीख घ्यावी, शिक्षणाचा क्रम घ्यावा, पुस्तकांची नावे घ्यावीत. विशेषणे तेथेच राहू द्यावीत, असा नियम अध्यापकांनी स्वत:पुरता केला.

तारखा आणि नावे यांचा भाग सोपा होता. २९ मार्च १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील मुखेड येथे जन्म, पुणे विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक, ‘गांधारीचे डोळे’सारखी कादंबरी, ‘ग्रामीण साहित्य : स्वरूप आणि शोध’सारखा समीक्षाग्रंथ, २००५ ते २०१० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू. जानेवारी २०१३ मध्ये चिपळूणच्या ८६व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. लेखक म्हणून त्यांच्याविषयी काय लिहावे हेही ठरविता येत होते, कारण पुस्तके समोर होती. अडचण आली ती मधल्या पाच वर्षांपाशी. कुलगुरूची संहिता कोठे असते?

प्रथम शब्दच पाहावा. इंग्रजीतील पदनामाचा अर्थ फार तर कुलपतींचा दुय्यम असा होईल. त्यात वंदनीय असे काही नाही. मराठीने त्या पदाला ‘कुलगुरू’ म्हटले आणि एका प्रशासकीय पदाभोवती वसिष्ठांची प्रभावळ उभी केली. हिंदीत त्याच पदाला ‘कुलपति’ म्हणण्याचा प्रघात रूढ होता. त्यामुळे हिंदीवरून घाईने मराठीत आणलेल्या मजकुरात राज्यपाल आणि कुलगुरू यांची अदलाबदल होण्याचे भय नेहमीच असते. परंतु हा गोंधळ दुरुस्त करता येतो. प्रभावळ दुरुस्त करणे कठीण, कारण ती व्याकरणातही शिरलेली आहे. जुन्या कोशकारांना ही अडचण नव्हती. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा ‘अर्वाचीन चरित्रकोश’ १९४६ सालचा. त्या पिढीच्या कोशगद्यात मोठमोठ्या व्यक्तींविषयी ‘हा’ आणि ‘याने’ असे सरळ एकवचन येत असे, आणि त्यात कोणाला अवमान वाटत नसे. पुढे मराठी विश्वकोशात अर्वाचीन व्यक्तींना ‘ते’ आणि ‘त्यांनी’ हे आदरार्थी अनेकवचन मिळाले. आज कुलगुरूविषयी ‘तो’ लिहिणे म्हणजे भांडण उकरून काढणे. म्हणजे मराठीत तटस्थ नोंदीचा प्रारंभच एका नमस्काराने होतो. इंग्रजीतील नि:पक्षपाती दृष्टिकोनाचे नियम जसेच्या तसे येथे लागू करता येतील असे मानणाऱ्यांनी या नमस्काराचा विचार केलेला नाही. अध्यापकांनी ‘त्यांनी’ ठेवले, कारण ते भाषेचे होते. ‘सरांनी’ काढले, कारण ते त्यांचे स्वत:चे होते.

यानंतर क्रियापदे. ‘त्यांच्या कारकीर्दीत अमुक विभाग सुरू झाला’ आणि ‘त्यांनी अमुक विभाग सुरू केला’ या दोन वाक्यांत एका संपूर्ण विद्यापीठाचे अंतर आहे. त्या वर्षांत लागू असलेल्या १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियमाप्रमाणे व्यवस्थापन परिषद, विद्यापरिषद आणि अधिसभा ही प्राधिकरणे होती. ठराव त्यांचे, निधी बहुधा शासनाचा वा अनुदान आयोगाचा. कुलगुरूंचा वाटा कधी मोठा असतो, कधी केवळ स्वाक्षरीपुरता. गौरवग्रंथ सगळेच श्रेय एका कर्त्याला देतो. विरोधकाचे पत्रक सगळाच दोष त्याच कर्त्याला देते. दोघांचे व्याकरण एकच, हे सहसा ध्यानात येत नाही. इतिवृत्तात ठराव कोणी मांडला हे सापडले तर तसे लिहावे, न सापडल्यास ‘या काळात’ एवढेच म्हणावे. हे वाक्य निर्जीव होते खरे. कोशातील बरीच वाक्ये तशी असतात आणि असावीत.

दोषांविषयीही हाच न्याय लावावा लागतो, आणि येथे संयम अधिक लागतो. कोणत्याही कुलगुरूविषयी संलग्न महाविद्यालयांच्या शिक्षक-कक्षांत पाच वर्षे कुजबुज चालते: नेमणुका, मान्यता, परीक्षा, कोण जवळचा आणि कोण दूरचा. चहाबरोबर ऐकलेले हे सारे नोंदीत घालण्याचा मोह प्रामाणिक माणसालाही होतो, कारण केवळ स्तुती काढून टाकली की नोंद अर्धीच तटस्थ झाल्यासारखी वाटते. २००५ साली अमेरिकेतील पत्रकार जॉन सीगनथॅलर यांच्या विकिपीडियावरील नोंदीत कोणीतरी त्यांचा केनेडी बंधूंच्या हत्यांशी संबंध जोडला होता. ती थट्टा काही महिने तशीच राहिली. हयात व्यक्तींच्या नोंदींबाबतचे नियम कडक झाले त्यामागे या प्रकरणाचा मोठा भाग आहे. मृत व्यक्ती तर उत्तरही देऊ शकत नाही. अध्यापकांनी कुजबुजीतले एक अक्षरही घेतले नाही.

वास्तविक जालना जिल्ह्यात राहणाऱ्याला चरित्र कसे फुगते हे पुस्तकातून शिकावे लागू नये. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. हनुमंतस्वामींच्या बखरीपासून पुढे रामदासांच्या चरित्राला चमत्कारांचे थर चढत गेले. शिवाजी महाराजांशी त्यांची पहिली भेट १६४९ ची की १६७२ ची, या एका प्रश्नावर विसाव्या शतकातील संशोधकांचे दोन तट पडले. तो वाद वरकरणी सनावळीचा, मुळात श्रेयाचा: स्वराज्याची प्रेरणा कोणाची? कुलगुरूंच्या नोंदीवर भांडणारे लोक त्याच घराण्यातले आहेत, फक्त त्यांच्या हाती बखरीऐवजी संगणक आला आहे.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट येते. तिला वगळून या विद्यापीठाच्या कोणत्याही कुलगुरूची नोंद पुरी होत नाही. विद्यापीठ स्थापन झाले २३ ऑगस्ट १९५८ रोजी, ‘मराठवाडा विद्यापीठ’ या नावाने. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी हे पूर्वी मुंबई विद्यापीठाचे कुलसचिव होते आणि त्यांनी त्या विद्यापीठाचा शंभर वर्षांचा इतिहासही लिहिला होता. (आपल्याच संस्थेचा इतिहास लिहिणारा प्रशासक हा निराळ्या लेखाचा विषय आहे.) २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी नाव बदलले ते ‘नामविस्तार’ म्हणून. ‘नामांतर’ म्हणावे की ‘नामविस्तार’? पहिला शब्द चळवळीचा, दुसरा तडजोडीचा. जो लिहाल त्यावरून वाचक तुमचे घर ओळखतो. अध्यापकांनी दोन्ही लिहिले, प्रत्येक आपापल्या तारखेसमोर: मागणी नामांतराची, निर्णय नामविस्ताराचा. शहराचे नावही त्यांनी तसेच ठेवले. २००५ साली कुलगुरू औरंगाबादेत रुजू झाले. छत्रपती संभाजीनगर हे नाव २०२३ चे. अध्यापकांच्या घरी वडील बंधूंचे पदवी-प्रमाणपत्र जुन्या नावाचे आहे, त्यांचे स्वत:चे नव्या. एकाच भिंतीवर दोन चौकटी आहेत.

याच भिंतीपाशी खरा पेच उभा राहिला. अध्यापकांची विद्यावाचस्पती ही पदवी २००८ ची. तिच्यावर कुलगुरू म्हणून स्वाक्षरी आहे ती नागनाथ कोत्तापल्ले यांची. मग हितसंबंध कशाला म्हणायचे? एका दीक्षान्त समारंभात हजारो प्रमाणपत्रांवर उमटणारी स्वाक्षरी हे काही नाते नव्हे, असे म्हणता येईल. परंतु त्याच समीक्षकाचे ग्रामीण साहित्यावरील पुस्तक त्यांनी प्रबंधात वापरले, त्याच्याशी एका प्रकरणात मतभेद मांडला, आणि पदवी त्याच माणसाच्या सहीने मिळाली. मतभेदाची त्यांना झळ लागली नाही. ही गोष्ट ते कोणालाही सांगण्यास आतुर होते. पहिल्या मसुद्यातला ‘व्यासंगी’ हा शब्द कोठून आला होता हे त्यांना आता कळले. तो शब्द कृतज्ञतेचा होता. कृतज्ञतेला आधार देता येत नाही, आणि ती खोटीही ठरविता येत नाही. तिच्यासाठी लेख असतात, आठवणी असतात. विद्यार्थी मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री नोंद उतरवून घेतात. जालना, अंबड, परतूर, भोकरदन येथल्या महाविद्यालयांत ते शब्द उत्तरपत्रिकेत परत भेटतात, आणि तपासणारा शिक्षक त्यांना गुणही देतो.

रात्री उशिरा अध्यापकांनी नोंदीच्या चर्चापानावर दोन ओळी लिहिल्या: आपण याच विद्यापीठाचे पदवीधर आहोत आणि आपल्या पदवीवर चरित्रनायकाची स्वाक्षरी आहे, ती लक्षात घेऊन इतरांनी हा मजकूर तपासावा. मग कुलगुरूपदाचा परिच्छेद पुन्हा वाचला. तीन वाक्ये उरली होती. त्यातल्या एका ‘केला’चे त्यांनी ‘झाला’ केले आणि जतन करण्याची कळ दाबली.